कसुती, हात आणि एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात कसुती शिकवते. शिकायला येणाऱ्या बायका, साडी घ्यायला आलेल्या ओळखीच्या आणि अलीकडे कॉलेजच्या मुली फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एआयबद्दलच्या प्रश्नांची भर पडली आहे. प्रत्येकीला नव्याने सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहून काढलं.

कसुती म्हणजे नेमकं काय? कर्नाटकी कशिदा म्हणतात ती हीच का?

हो, तीच. धारवाड, हुबळी, विजापूर, बागलकोट, बेळगाव या पट्ट्यातलं हे हातभरतकाम. कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत, त्यावरून नाव पडलं. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या बायका 'कर्नाटकी कशिदा' म्हणायच्या, अजूनही काहीजणी म्हणतात.

इतर बऱ्याच भरतकामांत कापडावर आधी नक्षी छापून घेतात आणि छापलेल्या रेघेवरून सुई फिरवतात. कसुतीत छाप नसतो, पेन्सिलची रेघही नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, तीन किंवा चार धाग्यांवरून एक टाका घ्यायचा, पुन्हा मोजायचं. नक्षी डोक्यात असते, नाहीतर शेजारी ठेवलेल्या जुन्या साडीवर.

आपण महाराष्ट्रातले. आपला आणि कसुतीचा काय संबंध?

कपाट उघडा आणि आजीचं इरकल बाहेर काढा. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं लुगडं. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मराठवाड्यात ते पिढ्यान् पिढ्या नेसलं जातं. अंगाला सूत आणि पदराला रेशीम असलं, तर दोन्ही ताणे फासे अडकवून एकमेकांत गुंफलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. कसुती याच लुगड्यावर वाढली. मोठी नक्षी पदराजवळ असते आणि पदरापासून लांब जावं तशी ती लहान आणि विरळ होत जाते.

दुसरा धागा चंद्रकळेचा. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची आणि हलव्याचे दागिने घालायचे, हे आपल्याला माहीत आहे. उत्तर कर्नाटकात तिलाच चंद्रकाळी म्हणतात. तिथे नवरीच्या चंद्रकाळीवर कसुती भरलेली असायची, काळ्या अंगावर पांढरा, लाल, केशरी, हिरवा दोरा. लहान मुलांच्या कुंचीवरही हे काम असे.

आणि सोलापूर, अक्कलकोट, जत इथे घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं भरपूर. माझी आजी विजापूरकडची. राज्याची हद्द नकाशावर आली ती तिच्या लग्नानंतर.

चार टाके कोणते?

गवंती, मुरगी, नेगी, मेंथी.

गवंती हा दुहेरी धावदोरा: जाताना एक टाका वर, एक खाली, आणि येताना राहिलेली जागा भरत यायचं. मुरगी त्याच पद्धतीची, फक्त ती पायऱ्या पायऱ्यांनी वळत जाते. नेगी म्हणजे लांब-आखूड धावते टाके, ओळीशेजारी ओळ. दुरून पाहिलं तर विणल्यासारखं दिसतं आणि नावही कन्नडच्या विणण्यावरूनच आलं आहे. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा भरीव. देवळाचा पाया, रथाची बैठक अशी जड जागा मेंथीने भरतात.

'गवंती' हा शब्द 'गंटु' म्हणजे गाठ यावरून आला असं सांगतात. दोऱ्याला गाठ मात्र कसुतीत कधीच मारायची नसते. शेपूट सोडून ठेवायचं आणि टाक्यांखालून फिरवून जिरवायचं. माझ्या आजीने गाठ पाहिली की ती काही न बोलता कात्री घेऊन अख्खी ओळ उसवायची.

दोन्ही बाजू सारख्या कशा काय होतात?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. उत्तर लांबणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. दोन्ही बाजू सारख्या होतात त्या गवंतीच्या आणि मुरगीच्या. नेगीला उलट बाजूने उलटी नक्षी येते: पुढे दोरा तिथे मागे रिकामं. मेंथीची मागची बाजू वेगळीच दिसते. 'कसुती म्हणजे दोन्हीकडून सारखी' असं सरसकट सांगणाऱ्याने बहुधा चारही टाके हातात धरून पाहिलेले नसतात.

आता गवंती. समजा तुम्ही एका रेघेवरून निघालात आणि वाटेत डावीकडे एक फांदी फुटली, तीन टाक्यांची. फांदीवर जाताना पहिला टाका वर, दुसरा खाली, तिसरा वर. टोकाला सुई खाली गेली. आता त्याच फांदीवरून परत या: तिसरी जागा खालून, दुसरी वरून, पहिली खालून. तिन्ही जागा दोन्ही बाजूंनी भरल्या, आणि तुम्ही फाट्यावर पोचलात तेव्हा सुई नेमकी निघताना होती त्याच बाजूला आहे. जाताना जितके टाके तितकेच येताना, म्हणून बेरीज नेहमी सम येते आणि मुख्य रेघेचं वर-खाली बिघडत नाही. फांदी पाच टाक्यांची असो की सात, तिला आणखी पोटफांद्या असोत, हिशोब मोडत नाही. नक्षी एकसंध असली की तिची वाट सापडतेच.

चौकोन आला की नवशिक्या अडतात. चार टाक्यांचा चौकोन घ्या: वर, खाली, वर, खाली, फेरी पुरी झाली. आता दुसरी फेरी त्याच दिशेने घेतली तर वरच्या टाक्यावर पुन्हा वरचाच टाका बसतो आणि रिकामी जागा रिकामीच राहते. उलटं फिरावं लागतं. आजी नुसतं म्हणायची, "आल्या वाटेने जा." कारण तिने कधी सांगितलं नाही. मला ते कॉलेजात गेल्यावर कळलं. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का), त्या विचाराशी याचं जवळचं नातं आहे. प्रत्येक वाट दोनदा चालायची ठरवली की नाक्यावर अडकून पडायची भीतीच राहत नाही.

युरोपातही हा टाका आहे. सोळाव्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराने रंगवलेल्या माणसांच्या कॉलर-कफांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला होल्बाइनचं नाव आहे. पण टाका तोच असला तरी त्याच्या जोरावर देवळाचं गोपुर, अंबारीचा हत्ती आणि तुळशीवृंदावन उभं केलं ते इथल्या बायकांनी.

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनवर हे होत नाही का?

कसुतीसारखं दिसणारं काम होतं आणि बाजारात भरपूर मिळतं. पण आजच्या मशीनला दोन दोरे लागतात, वर सुईचा आणि खाली बॉबिनचा. दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. सुई कापडातून आरपार जात नाही, नुसती खाली डोकावून परत येते. म्हणून मागची बाजू बॉबिनच्या दोऱ्याची असते, बऱ्याचदा पांढरी, आणि कापड ताणू नये म्हणून लावलेला कागदी अस्तराचा तुकडा तिथे चिकटलेला दिसतो.

गंमत अशी की हाताच्या जवळ जाणारं यंत्र फार पूर्वीच झालं होतं. फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोस्युए हाइलमानने १८२८ मध्ये दोन्हीकडे टोक आणि मधोमध नेढं अशी सुई केली. यंत्राचे चिमटे ती एका बाजूने ढकलत आणि दुसऱ्या बाजूने ओढून घेत, अगदी आपल्या हातासारखी. पुढे वेगाची स्पर्धा लागली आणि दोन दोऱ्यांची यंत्रं जिंकली.

मशीन चालवणाऱ्यांवर माझा राग नाही. सोलापुरात यंत्रमागावर संसार उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मशीनचं काम मशीनचं म्हणून विकावं, एवढंच म्हणणं आहे.

एआयला कसुतीची नक्षी काढायला सांगितली तर चालेल का?

मी स्वतः करून पाहिलं. चित्र काढणाऱ्या एका एआयला 'कसुतीतलं गोपुर, काळ्या इरकलीवर, गवंती टाका' असं सांगितलं. चित्र सुंदर आलं. वर्गातल्या दोघीजणी म्हणाल्या, "मॅडम, ही साडी कुठे मिळेल?" मग आम्ही ते मोठं करून आलेखाच्या कागदावर उतरवायला बसलो.

कळसाच्या डाव्या बाजूला सात पायऱ्या आणि उजवीकडे सहा. तिरक्या रेघा अशा कोनात की धागे मोजून तिथे पोचताच येत नाही. मधल्या दोन महिरपी हवेत लटकलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत, म्हणजे गवंतीने त्यांच्यापर्यंत जायला वाटच नाही. काही ठिकाणी दोऱ्याची चमक साटीन टाक्याची, जो कसुतीत नाहीच. दोन संध्याकाळी घालवून आम्ही त्यातलं एक तोरण तेवढं दुरुस्त करून भरलं.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. चित्र काढणारं एआय फोटो पाहून शिकतं, आणि फोटो पुढून काढतात. कसुतीची मागची बाजू त्याने पाहिलेलीच नसते. दोरा कुठून निघाला, कुठे वळला, कुठल्या फांदीवरून परत आला हे फोटोत उतरत नाही. त्याला तयार चित्र दिसतं आणि आपल्याला हवी असते दोऱ्याची वाट. शिवाय नेटवर कसुती म्हणून जे फोटो फिरतात त्यांत मॅटीवरचं फुली-टाक्याचं काम, मशीनचं काम, अगदी छापील कापडही असतं. तेच त्याचं शिक्षण.

उद्या हे सुधारेल. गवंतीची वाट आखणं हे गणित आहे, आणि ते नेमकं मांडलं तर संगणक ते बिनचूक करेल याबद्दल मला शंका नाही. तेव्हाही मी हेच सांगेन की आधी चार नक्ष्या हाताने मोजून भरा, मग वाटेल त्याची मदत घ्या. मोजायला शिकलेल्या बाईला चित्रातली चूक दिसते. न शिकलेली त्या चुकीलाच कसुती समजेल आणि पुढे तीच शिकवेल, ही माझी खरी भीती आहे.

म्हणजे एआयचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि मी करते.

आजीची एक वही आमच्याकडे आहे. कन्नड मला बोलता येतं, वाचायला जड जातं. पानांचे फोटो काढून एआयकडून वाचून घेतले. अक्षरं त्याने जवळजवळ बरोबर लावली, आणि आजीचं अक्षर सोपं नव्हतं. भाषांतरात मात्र एका ओळीचं 'मेथीच्या तीन ओळी लावाव्या' असं झालं, जणू परसातल्या वाफ्याबद्दल आहे. आईला दाखवलं. ती म्हणाली, पाळण्याच्या नक्षीच्या खाली मेंथीचे तीन पट्टे घालायचे, असं आहे ते. आई नसती तर आम्ही ती ओळ सोडून दिली असती. यंत्राने वाचलं म्हणून आईपर्यंत पोचलं, आणि आई होती म्हणून अर्थ लागला.

विरलेल्या साडीचा फोटो उजळून टाके ठळक करून घेणं, दोन आकारांत आलेख छापणं, परगावच्या ग्राहकाला इंग्रजीत उत्तर लिहिणं, यालाही ते कामाला येतं. आलेखाचा कागद आजीच्या वेळी नव्हता, माझ्या वेळी आला. त्याच रांगेत मी याला बसवते.

प्रत्येक नक्षीचा अर्थ काय? हत्ती म्हणजे समृद्धी, पोपट म्हणजे प्रेम, असं वाचलं होतं.

अशा याद्या मीही वाचल्या आहेत. एआयला विचारलं तर ते याहून लांब यादी देतं, मोठ्या आत्मविश्वासाने. मी त्या वर्गात वापरत नाही.

आजीला मी लहानपणी विचारलं होतं, या रथाचा अर्थ काय. ती म्हणाली, "अर्थ कसला? आपला तेर आहे तो." तेर म्हणजे रथ, तिच्या गावच्या जत्रेतला. तिला रथाची चाकं किती, वरची छत्री किती मजली हे पाठ होतं, कारण ती दरवर्षी तो ओढला जाताना पाहायची. शेजारच्या गावच्या बाईचा रथ वेगळा, कारण तिच्या देवाचा रथ वेगळा. कसुतीतल्या वस्तू पाहा: गोपुर, नंदी, पालखी, तुळशीवृंदावन, समई, पाळणा, अंबारीचा हत्ती, मोर, पोपट, खार, कमळ, शंख. उंबऱ्यापासून देवळापर्यंत चालत गेलं तर वाटेत जे भेटेल, ते.

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात. विजापुरातही संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा असते. त्याच दिवसांत काळी चंद्रकळा नेसायची आणि तिच्यावर नंदी आणि रथ भरलेले. ही सांगड ज्या घरात कळते, तिथे 'नंदी म्हणजे अमुक' असं लिहून ठेवायची कुणाला गरजच पडली नाही.

आणि अर्थ फक्त नक्षीत नसतो, साडी कुणी कुणासाठी भरली यातही असतो. माझ्या आईच्या चंद्रकाळीवर पाळण्याच्या रांगेत एक पाळणा अर्धाच आहे. आजी भरत असताना तिची बहीण वारली, तिने सुई खाली ठेवली आणि नंतर तो पाळणा पुरा केला नाही. पुढचा पाळणा नव्याने सुरू केला. त्या साडीचा फोटो एखाद्या एआयने पाहिला तर तो अर्धा पाळणा त्याला चूक वाटेल, आणि दुरुस्त करून देईल.

तुम्हाला अर्थ हवा असेल तर साडी नेसलेल्या बाईला विचारा. ती नसेल तर तिच्या मुलीला. 'ही कोणत्या प्रसंगाची?' असं विचारा, 'याचा अर्थ काय?' असं नको. पहिल्या प्रश्नाला गोष्ट मिळते.

हाताची कसुती ओळखायची कशी?

साडी उलटी करा. गवंतीच्या जागी दोन्हीकडे सारखं, त्याच रंगाच्या दोऱ्याचं काम दिसलं आणि गाठी नसल्या, तर हाताचं. मागे पांढरा दोरा, चिकटलेला कागद किंवा खरखरीत जाळी असली तर मशीनचं. नुसत्या मेंथीच्या कामाला ही कसोटी लावू नका. तिथे मागची बाजू वेगळीच असते, बॉबिनचा दोरा आहे का तेवढं पाहा.

दुसरी खूण पुनरावृत्तीची. दहा हत्ती असतील तर हाताच्या कामात एखाद्याची सोंड अर्धा टाका लांब असते, कुठे दोरा संपून नवा जोडलेला असतो. दहाच्या दहा तंतोतंत सारखे असले की शंका घ्या.

ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा, आणि जमलं तर बोटाने साडी उलटवतानाचा व्हिडिओ. आता एआयने केलेले फोटो लावून, जी साडी अस्तित्वातच नाही तिची मागणी नोंदवून घेणारेही आहेत. एका प्रदर्शनात मीही फसले होते: हाताची म्हणून घेतली, घरी येऊन अस्तर उचकटलं तर खाली कागद. तिथेच उलटी करून पाहिली नाही, ही चूक मी आता कुणाला करू देत नाही.

रेशमी किंवा गुळगुळीत कापडावर धागे कसे मोजायचे?

मोजता येत नाहीत. कापडावर विरळ विणीचं कॅनव्हास टाचून घ्यायचं, त्याच्या घरांवर मोजून भरायचं, आणि काम झालं की कॅनव्हासचे धागे एकेक करून ओढून काढायचे. ओढताना घाई केली तर टाके सैल होतात.

एवढी महाग का?

वेळामुळे. तळहाताएवढं गोपुर भरायला मला तीन ते चार बैठका लागतात, आणि माझा हात संथ नाही. पदरभर काम म्हणजे महिन्यांचा हिशोब. भरणाऱ्या बाईला मजुरी बहुतेक वेळा बुट्ट्यावर मिळते, तासावर नाही. नक्षी अवघड असली, रात्र झाली, डोळे दुखले, तरी बुट्ट्याचा दर तोच.

तुम्ही किंमत विचारता तेव्हा एक प्रश्न आणखी विचारा: यातले भरणाऱ्या बाईला किती जातात? चांगला विक्रेता सांगतो. मी माझ्या विद्यार्थिनींना प्रत्येक तुकड्याचे तास लिहून ठेवायला लावते, कारण तास लिहिले नाहीत तर आपल्यालाच ते कमी वाटायला लागतात.

सरकारी बाजूही सांगते. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं कारागीर ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात, ते भरतकाम करणाऱ्यांना मिळू शकतं, जरूर काढा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, फुलांचे हार करणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे. भरतकाम असा वेगळा व्यवसाय नाही. घरात बसून सुईकाम करणारी बाई पुन्हा यादीबाहेर राहिली, याचं मला वाईट वाटतं.

कसुतीला जीआय आहे ना? मग नक्कल कशी काय चालते?

आहे. २००६ मध्ये मिळाला, आणि कर्नाटक राज्य हस्तशिल्प विकास महामंडळाच्या नावावर आहे. पण जीआय म्हणजे भौगोलिक निर्देशन, आणि ते नावाचं रक्षण करतं. दुसरीकडे केलेला माल 'कसुती' म्हणून विकू नये, असा त्याचा अर्थ. हत्तीची किंवा गोपुराची नक्षी उचलून कुणी दुसऱ्याच नावाने विकली तर जीआय फारसं काही करू शकत नाही.

कोल्हापुरी चपलांचं उदाहरण ताजं आहे. त्यांना २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच दिसणाऱ्या चपला आणल्या, कोल्हापुरीचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर त्यांचं मूळ भारतीय हस्तकलेत आहे हे कंपनीने मान्य केलं. ते मान्य करून घ्यायला लोकांना बोलावं लागलं. भरतकामाच्या बाबतीत तर बोलायला आपल्याला नक्षी ओळखता आली पाहिजे, आणि चपलेइतकी ती सगळ्यांच्या ओळखीची नाही.

भरणाऱ्या बायकांसाठी एक माहिती: जीआय कायद्यात कारागिराला स्वतःचं नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदवता येतं. महामंडळाच्या नावावर आहे म्हणून आपला संबंध नाही, असं समजू नका.

मी कर्नाटकची नाही, त्या जातीधर्माचीही नाही. मी कसुती करावी का? त्यातून पैसे मिळवावेत का?

करा आणि मिळवा, विकताना 'कसुती' या नावाबद्दल वर सांगितलेलं जीआयचं बंधन तेवढं लक्षात ठेवा. जुन्या नक्ष्यांवर कुणाची मालकी नाही, आणि असायलाही नको. कुठून शिकलात, कुणाकडून शिकलात हे सांगा. नक्षी बदलली असेल तर बदलली म्हणा. एआयकडून आराखडा घेतला असेल तर तेही सांगा, त्यात लाज नाही. आपल्या बंजारा तांड्यांवरचं आरसे-कवड्यांचं भरतकामही असंच नाव न घेता उचललं जातं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी (म्हणजे तिकडच्या बंजारा) भरतकामाला तरी २०१० मध्ये जीआय मिळाला.

मुलगी कोडिंग शिकते. तिने यात वेळ घालवावा का?

माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनींपैकी एक संगणक अभियांत्रिकीची आहे. गवंतीची वाट तिने पहिल्याच दिवशी समजून घेतली. टाका सारख्या ताणाचा यायला तिला चार महिने लागले. ती म्हणाली, "वाट मला कळली होती मॅडम, बोटांना कळायची होती."

वय विचाराल तर आठ-नऊ वर्षांपासून चालतं. मॅटीच्या कापडावर, जाड सुईने, एका रंगात. पहिली नक्षी गोपुर नको. सरळ रेघ, मग पायरी, मग चौकोन.

आजीची कसुतीची साडी विरली आहे. कापून कुशन कव्हर करू का?

थांबा. आधी एवढं करा.

साडी सपाट पसरा, इस्त्री करू नका. दिवसाच्या उजेडात, तिरक्या प्रकाशात फोटो काढा. प्रत्येक नक्षीचा पुढून एक, आणि त्याच जागेचा मागून एक. शेजारी मोजपट्टी ठेवा. भिंगाखाली एक टाका किती धाग्यांवर आहे ते मोजून लिहा. मग आलेखाच्या कागदावर एक तरी नक्षी स्वतःच्या हाताने उतरवा, फोटोवर विसंबू नका. उतरवताना लक्षात येतं की दोरा कुठे जोडला आहे, भरणारी कुठल्या बाजूने निघाली होती, कुठल्या फांदीवर आधी गेली.

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर साडी त्यांच्या मांडीवर ठेवा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा. नावं कन्नडमध्ये, मराठीत, मोडक्या मिश्रणात, जशी येतील तशी येऊ द्या.

विरलेल्या जागेला मागून मऊ सुती कापड लावून धावदोरा घाला, म्हणजे ताण त्या कापडावर येईल. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला आणि डांबराच्या गोळ्या साडीला थेट लागू देऊ नका. आणि अर्धवट राहिलेली एखादी नक्षी सापडली तर ती पुरी करू नका. आधी मला दाखवायला आणा.